शिडाची होडी आणि निवांत पाणी: जलरंगातला क्रम, टप्प्याटप्प्याने

साताऱ्यातल्या माझ्या रविवारच्या वर्गात शिडाच्या होडीचं चित्र घेतलं की संध्याकाळी टेबलावर त्याच त्या चुका ओळीने वाळत पडलेल्या असतात. शीड मळकट राखाडी झालेलं. आकाशात फ्लॉवर, म्हणजे दातेरी काठाचे डाग, उमटलेले. पाण्यावर इतक्या रेघा की खाडी नांगरल्यासारखी दिसते. आणि होडी पाण्यात बसण्याऐवजी कात्रण चिकटवल्यासारखी वर ठेवलेली. हे करणाऱ्यांचा हात कच्चा नसतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चांगल्या श्रेणीत पास झालेली मुलं असतात, नोकरीतून निवृत्त झालेले काका असतात, रेखांकन नेटकं असतं. चुकतो तो क्रम.

शाळेत आपण पोस्टर कलर वापरतो. तिथे निळं आकाश आधी भरायचं आणि पांढरं शीड वरून लावायचं, चालून जातं. जलरंगात पांढरा म्हणजे खालचा कागद. तो एकदा झाकला की गेला. म्हणून पांढरं कुठे राहणार हे सगळ्यात आधी ठरवायचं, गडद सगळ्यात शेवटी लावायचं आणि मधला बराच वेळ हात बांधून बसायचं. पाव शीटच्या चित्राला मी अडीच तास धरतो आणि त्यातला तासभर नुसता वाळण्याचा असतो. तेवढी सवड नसेल तर त्या दिवशी बसू नका.

बसण्याआधी: पाणी इथे बघा, होडी कोकणात

आपल्याकडे शिडाची होडी सहसा दिसत नाही. बामणोलीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर इंजिनाच्या लाँच आहेत, महाबळेश्वरला वेण्णा तलावात वल्ह्यांच्या होड्या आहेत. त्यामुळे मुलं होडी मोबाइलवरच्या फोटोतून घेतात, पाणी मनाने रंगवतात आणि दोन्हींचा मेळ बसत नाही. पाणी मात्र घराजवळ भरपूर आहे. सकाळी सातच्या सुमारास, वारा उठायच्या आत, मंगळवार तळ्यावर किंवा कण्हेर धरणाच्या काठावर वीस मिनिटं नुसतं बसा. पायाजवळचं पाणी आपण वरून बघतो, म्हणून त्यात पाण्याचा स्वतःचा हिरवट करडा रंग दिसतो. लांबचं पाणी तिरकं बघतो, म्हणून ते आकाश दाखवतं. फिकट वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित गडद असतं आणि गडद वस्तूचं किंचित फिकं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

होडीसाठी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जाणं झालं तर स्केचबुक बरोबर ठेवा. या लेखासाठी मी दाभोळची खाडी धरली आहे. वाशिष्ठी तिथे समुद्राला मिळते. दाभोळच्या बाजूने समोरच्या काठावरच्या धोपाव्याकडे, म्हणजे दक्षिणेकडे, तोंड करून उभं राहिलं की सकाळचं ऊन डावीकडून येतं आणि पलीकडे बुटके डोंगर दिसतात. आता तिथेही बहुतेक होड्या इंजिनाच्या आहेत, तेव्हा शीड जुन्या फोटोवरून घ्यायला हरकत नाही. प्रकाशाची बाजू मात्र जागेवरची ठेवा. फोटोत ऊन उजवीकडून असेल तर शिडाची सावली बदलून घ्या.

सामान: पैसे कागदावर खर्च करा

रंग साधे चालतील, ब्रश मोजकेच चालतील, पण कागद हलका चालणार नाही. ३०० जीएसएम वजनाचा, म्हणजे जाड, शंभर टक्के कॉटनचा, मध्यम खरखरीत म्हणजे कोल्ड प्रेस कागद घ्या. पूर्ण शीट २२ × ३० इंचांची येते, तिचे चार भाग केले की ११ × १५ इंचांचे चार कागद होतात. महाग वाटला तर चित्र लहान करा, कागद बदलू नका. ड्रॉइंगच्या वहीचा कागद ओल्या वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाच्या मोठ्या पातळ थरात, पापडासारखा फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. या चित्राचा सगळा जीव पहिल्या ओल्या वॉशमध्ये आहे, तेव्हा त्या कागदावर पुढचं काहीच नीट होणार नाही.

पावसाळ्याबद्दल एक सांगायला हवं. कागदाला सायझिंग, म्हणजे सरसासारखा लेप, असतं, म्हणून रंग वर तरंगतो आणि सावकाश मुरतो. साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडा पडलेला कागद हे सायझिंग गमावू शकतो. मग वॉशमध्ये अचानक गडद ठिपके उठतात आणि माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आडवा ठेवा.

तपासा: कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो काही वेळ फुगलेला राहिला तर कागद चांगला. टिपकागदावर पडल्यासारखा लगेच शोषला गेला तर तो कागद सरावाला ठेवा.

बाकी यादी लहान आहे. रंग सहा: कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन ब्लू, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, अलिझरीन क्रिम्झन आणि सॅप ग्रीन. काळा आणि पांढरा पेटीतून बाजूला काढून ठेवा, समोर असला की हात जातोच. ब्रश: एक इंची फ्लॅट, बारा नंबरचा राउंड, सहा नंबरचा राउंड, आणि दोऱ्यांसाठी लांब केसांचा रिगर. दोन भांडी पाणी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. जुन्या सुती साडीचा तुकडा, मास्किंग टेप, मास्किंग फ्लुइड (कागद झाकणारा आणि वाळल्यावर चोळून निघणारा रबरासारखा द्रव), बोर्ड.

टप्पा १: तळहाताएवढा आराखडा, तीनच छटांचा

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी ६ × ८ सेंटिमीटरचा चौकोन काढा आणि पेन्सिलीने फक्त तीन छटा भरा. पांढरी: शीड आणि होडीच्या काठावरची उजेडाची रेघ. मधली: आकाश, डोंगर, पाणी. गडद: होडीचा सांगाडा आणि त्याच्या लगेच खालचं प्रतिबिंब. या चित्रात गडद भाग फार थोडा असतो, अंगठ्याने झाकता येईल इतका. गडद चारी बाजूंना पसरला की निवांतपणा तिथेच संपतो.

मोजमापं मी अशी ठेवतो. कागद आडवा, उंची ११ इंच. होडी जिथे पाण्याला टेकते ती रेषा खालून ४ इंचांवर. पलीकडचा किनारा पावणेपाच इंचांवर. होडीची लांबी ३ इंच, शिडाची उंची पाण्यापासून सव्वातीन इंच. होडी मध्यापासून थोडी उजवीकडे आणि तोंड डावीकडे, म्हणजे तिच्यापुढे मोकळं पाणी राहतं.

शीड सव्वातीनच इंच का? कारण प्रतिबिंबही तेवढंच खाली उतरणार आणि कागदाच्या कडेच्या पाऊण इंच वर थांबणार. वर्गात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. शीड ऐटीत सहा इंच काढलं जातं, मग प्रतिबिंबाला जागा उरत नाही आणि ते मधेच आखूड करून संपवलं जातं. पाणी खोटं दिसतं, पण का ते कळत नाही.

तपासा: शिडाच्या टोकापासून पाण्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा आणि तेवढंच खाली मोजून खूण करा. खूण कागदात आहे ना?

टप्पा २: रेखांकन

एचबी पेन्सिल, हलका हात. चूक झाली तर नीडेड रबराने, म्हणजे कणकेसारख्या मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने, टिपून घ्या. साध्या खोडरबराने घासलं तर कागदाचा पृष्ठभाग उखडतो आणि तिथे पुढे रंग काळा बसतो.

होडीसाठी आधी आडवा, लांबट ८ काढा. एक पोट मोठं, एक लहान. आठाची वरची वळणं होडीचे काठ देतात, टोकांवर उभ्या रेषा टाकून तळ जोडला की होडी बसते. केळ्यासारखी होडी काढायची सवय यानेच मोडते.

होडीची उंची आणि क्षितिज यांचं नातं बघा. तुमचा डोळा पाण्यापासून साधारण दोन मीटर वर असेल, तर होडीवरची दोन मीटर उंचीची जागा क्षितिजावर येते. होडीचा काठ त्याहून खाली म्हणून क्षितिजाच्या खाली, शीड त्याहून उंच म्हणून क्षितिजाच्या वर. लांब दुसरी लहान होडी घालायची असेल तर तीही त्याच प्रमाणात कापली गेली पाहिजे. अख्खी होडी शिडासकट क्षितिजाखाली काढली, तर बघणारा नकळत कड्यावर चढतो.

आता वारा. मुलांना भरलेलं, फुगलेलं शीड आवडतं, आणि पाणी आरशासारखं हवं असतं. दोन्ही एकदम होत नाही. शीड फुगवणारा वारा पाणीही हलवतो. निवांत दृश्यात शीड किंचित ढिलं असतं, खालच्या कोपऱ्याकडे एक-दोन सुरकुत्या पडतात. पाण्यावर एखादी वाऱ्याची झुळूक आडवा मंद पट्टा उठवते, बाकी पाणी सपाट. हा एक बदल केला की निम्मी चित्रं आपोआप शांत होतात.

प्रतिबिंबाच्या फक्त खुणा करा, रेषा पूर्ण काढू नका. डोलकाठी उजवीकडे कललेली असेल तर तिचं प्रतिबिंबही खाली जाताना उजवीकडेच कलतं, कारण काठीच्या प्रत्येक बिंदूचं प्रतिबिंब त्याच्या बरोबर खाली असतं. वरची रेषा सरळ पुढे खाली ओढली तर ते डावीकडे जातं, आणि ते चूक.

तपासा: शिडाच्या टोकावर पट्टी उभी धरा. प्रतिबिंबाचं टोक त्याच उभ्या रेषेत आलं पाहिजे.

टप्पा ३: कागद बोर्डावर

चारी बाजूंनी मास्किंग टेप, अर्धा सेंटिमीटर कागदावर आणि बाकी बोर्डावर. नखाने कडा दाबून घ्या. बोर्डाच्या मागच्या कडेखाली दोन जाड वह्या ठेवा, तेवढा उतार पुरतो. सेलोटेप वापरू नका, तो कागद सोलून काढतो.

टप्पा ४: पांढरं राखणं

सरावलेला हात शिडाभोवतीने वॉश नेतो. पहिल्या दहा चित्रांपर्यंत तरी मी मास्किंग फ्लुइड वापरायला सांगतो. शिडाभोवती हळूहळू ब्रश फिरवत बसलं की आकाश मधेच वाळायला लागतं, आणि त्या भीतीपोटीच आकाश बिघडतं. शीड पूर्ण झाका, होडीच्या डाव्या काठावर केसाएवढी एक रेघ द्या आणि पुढच्या पाण्यात चकाकीचे तीन-चार ठिपके. एवढंच. पंधरा-वीस ठिपके दिले तर पाण्यावर तांदूळ सांडल्यासारखे दिसतात.

ब्रश जुना घ्या, आधी साबणाच्या फेसात बुडवून पिळा आणि काम झाल्याबरोबर धुवा. नाहीतर तो ब्रश गेलाच.

इशारा: मास्किंग फ्लुइड कोरड्या कागदावरच लावायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. हेअर ड्रायर किंवा ऊन दिलं तर ते कागदात भाजल्यासारखं बसतं. मऊ हातकागदावर आधी कोपऱ्यात करून बघा, काही कागदांचा पापुद्रा निघतो. लावल्यावर चित्र दोन दिवसांच्या आत पूर्ण करा.

टप्पा ५: आकाश आणि पाणी, एकाच दमात

या टप्प्याला खरं काम दहा मिनिटांचं आहे आणि तयारी वीस मिनिटांची. तयारी टाळली की पुढचे सगळे टप्पे दुरुस्तीत जातात.

आधी पॅलेटमध्ये तीन घोळ पूर्ण तयार करा, प्रत्येकी दोन मोठे चमचे तरी. पहिला रॉ सिएना आणि त्यात अलिझरीनचा अगदी थेंब, पिकल्या पपईचा फिका रंग येईल इतकाच. दुसरा कोबाल्ट. तिसरा कोबाल्टमध्ये थोडा बर्न्ट सिएना आणि सॅप ग्रीनची किंचित झाक, पायाजवळच्या पाण्यासाठी. प्रत्येकाचा एक फटका त्याच जातीच्या कागदाच्या तुकड्यावर मारून वाळवून बघा. जलरंग वाळला की फिका पडतो, म्हणून ओला असताना जरा जास्त वाटला तर तो बहुधा बरोबर असतो. वॉशच्या मधे घोळ संपला आणि नवीन करायला बसलात, की तेवढ्यात कागद वाळतो आणि नवा रंग वेगळाच निघतो.

मग हा क्रम. फ्लॅट ब्रशने सगळा कागद स्वच्छ पाण्याने ओला करा, मिनिटभर थांबून परत एकदा करा. डोळे कागदाच्या पातळीवर आणून बघा: सगळीकडे सारखी चमक हवी, डबकी नकोत. किनाऱ्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पहिला घोळ आडवा ओढा. ब्रश धुवा, पिळा. वरच्या कडेपासून कोबाल्ट खाली आणा आणि पिवळसर पट्ट्याच्या अलीकडे थांबा. दोघांना आपापसात मिसळू द्या, ब्रशने मिसळू नका. रॉ सिएना आणि कोबाल्ट घोटले की हिरवट आकाश मिळतं. आता पाण्यात पट्ट्याखालून कोबाल्ट, आणि खालच्या अडीच इंचांत तिसरा घोळ, खाली जाताना वाढता.

आता थांबा. ब्रश खाली ठेवा.

कागद चमक सोडायला लागला की, म्हणजे ओला काचेसारखा न दिसता ओल्या भिंतीसारखा दिसायला लागला की, एक शेवटची गोष्ट करायची असते. ही वेळ चुकवू नका. फ्लॅट ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून फडक्यात घट्ट पिळा आणि शिडाच्या प्रतिबिंबाच्या जागेवरून वरून खाली एकदा ओढा. तहानलेला ब्रश रंग पिऊन घेतो. पुसा, परत एकदा ओढा. प्रतिबिंबाचा फिका, मऊ कडांचा आकार राहतो. पूर्ण वाळल्यावर हा आकार काढायला गेलात तर घासावं लागतं आणि ते दिसतं.

इशारा: कागद अर्धवट ओला असताना त्यात पाण्याने भरलेला ब्रश टेकवला की पाणी रंगाला ढकलतं आणि वाळताना काठाला दातेरी डाग पडतो. याला आम्ही वर्गात फ्लॉवर म्हणतो. आकाशातला एखादा डाग सुधारायला गेलेला हातच हे फ्लॉवर आणतो. पडलाच तर तसाच सोडा. पूर्ण वाळल्यावर ती जागा स्वच्छ पाण्याने मोठ्या भागात ओली करून डागाची कडा हलकेच मऊ करता येते. ओल्यात केलेली दुरुस्ती दुसरा फ्लॉवर आणते.

ऋतूचा हिशेब धरा. एप्रिलच्या दुपारी इथल्या कोरड्या वाऱ्यात चमक चार-पाच मिनिटांत जाते, म्हणून त्या दिवसांत मी वर्ग सकाळी नऊच्या आत संपवतो आणि पंखा बंद ठेवतो. जुलैत तोच कागद अर्धा तास ओला राहतो आणि रंग उतारावरून खाली साचत जातो. तेव्हा चमक गेल्यावर बोर्ड सपाट ठेवा. हेअर ड्रायर चमक पूर्ण गेल्यावरच वापरायचा, हातभर लांबून, सतत हलवत. मास्किंग असलेल्या भागावर त्याची हवा नको. ओल्या डबक्यावर हवा मारली की ते पसरून कडा सोडतं.

तपासा: हाताची मागची बाजू कागदाला टेकवा. गार लागला तर आत ओल आहे. खोलीइतकाच कोमट लागला की पुढे जा.

टप्पा ६: पलीकडचा काठ

हे पटकन होतं. कोबाल्ट, थोडं अलिझरीन, थोडा बर्न्ट सिएना, भरपूर पाणी. डोंगराचा आकार एका ओढीत, किनाऱ्यापासून जास्तीत जास्त इंचभर उंच. झाडं, घरं, माड काढू नका, एवढ्या लांबून ती दिसत नाहीत. किनाऱ्याच्या रेषेवर कागदाची फिकी बारीक फट जागोजागी सोडा, ती पाण्याची कड वाटते. खाली त्याच रंगात आणखी पाणी घालून आडवा, तुटक पट्टा म्हणजे डोंगराचं प्रतिबिंब. डोंगर काठापासून मागे असतात, म्हणून त्यांचं प्रतिबिंब डोंगरापेक्षा बुटकं दिसतं.

डोंगर वाळल्यावर आकाशापेक्षा जेमतेम गडद दिसले तर बरोबर. इथे बहुतेकांचा हात जड होतो, कारण आपण यवतेश्वर, अजिंक्यतारा जवळून बघतो आणि डोंगर म्हणजे गडद असं डोळ्यांत बसलेलं असतं.

टप्पा ७: शीड आणि होडी

कागद पूर्ण कोरडा झाला की मास्किंग स्वच्छ बोटाने कडेकडून मधे चोळत काढा. उघडं पडलेलं शीड डोळ्यांवर येईल इतकं पांढरं आणि कडा चाकूने कापल्यासारखी दिसते. घाबरू नका आणि लगेच रंग भरू नका. ओलसर ब्रशने सावलीकडची उजवी कड एक-दोन ठिकाणी मऊ करा.

शिडाच्या उन्हातल्या बाजूला रॉ सिएनाचं पाणी, जेमतेम जाणवेल इतकं, आणि काही भाग कोरा. सावलीच्या बाजूला कोबाल्ट आणि बर्न्ट सिएनाचा फिका करडा, एकाच थरात, खाली गडद होत जाणारा. सुरकुत्या त्यातच, ओल्यात. शीड मळतं ते दुसऱ्या थरामुळे. सावली पुरेशी गडद झाली नाही असं वाटून परत वरून रंग दिला की खालचा थर उठतो आणि चिखल होतो. एकदा लावा, वाळू द्या, लांब उभं राहून बघा. खरोखर हवा असेल तरच दुसरा थर, तोही एकाच ओढीत.

होडीला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, दाट. हे दोन मिळून जो गडद होतो तो जिवंत असतो, कधी निळ्याकडे झुकतो, कधी तपकिरीकडे. उन्हाकडच्या बाजूला ओला असतानाच बर्न्ट सिएनाचा एक थेंब सोडा. काठाची राखलेली रेघ सांभाळा. पाण्याला टेकते ती कड मात्र ओली ठेवा आणि लगेच पुढच्या टप्प्याला लागा. या चित्रात न थांबता पुढे जायची ही एकच जागा आहे.

टप्पा ८: प्रतिबिंब

होडीची खालची कड ओली आहे तोवर सहा नंबरच्या ब्रशने तोच रंग थोडा पातळ करून खाली ओढा. आडवे, छोटे, हलते फटके, वरचे जवळजवळ आणि खाली जाताना विरळ व रुंद. होडी आणि प्रतिबिंब एकमेकांत थोडे मिसळले की होडी पाण्यात बसते. मधे पांढरी रेघ राहिली तर होडी हवेत तरंगते. कात्रणासारखी दिसणारी होडी इथेच दुरुस्त होते.

प्रतिबिंब होडीपेक्षा एक छटा फिकं. डोलकाठीचं प्रतिबिंब एका रेषेत न काढता तीन-चार तुकड्यांत काढा, मधल्या फटी डोळा भरून घेतो. शिडाचं प्रतिबिंब टप्पा ५ मध्ये उचलून ठेवलेलंच आहे. त्यावर करड्याचे दोन-तीन आडवे, पातळ फटके पुरतात. ते शिडाइतकं पांढरं नको, किंचित निळसर हवं.

मग झुळकेचा पट्टा. होडीच्या मागे, किनाऱ्याच्या जवळ, कोबाल्टचा एक लांब आडवा फटका जवळजवळ कोरड्या ब्रशने. खरखरीत कागदावर तो तुटत जातो आणि आपोआप चकाकतो. लांबच्या लाटांच्या रेघा बारीक आणि जवळजवळ, पुढच्या रुंद आणि लांब लांब. सगळीकडे सारख्या अंतराने काढल्या की पाणी भिंतीसारखं उभं राहतं.

तपासा: चित्र उलटं धरा. होडी आणि प्रतिबिंब मिळून एकच वस्तू वाटली पाहिजे.

टप्पा ९: बारीकसारीक

रिगरने दोन दोऱ्या, श्वास धरून, खांद्यातून हात फिरवून. होडीत एक माणूस: डोक्याचा ठिपका, अंगाचा एक फटका, पाय नकोत. डोकं लहान ठेवा, मोठं डोकं झालं की होडी खेळण्यातली होते. त्याच्या मुंडाशाला लाल देणार असाल तर लाल चित्रात दुसरीकडे कुठेही नको, त्याच्या प्रतिबिंबातल्या एका ठिपक्याशिवाय. आकाशात इंग्रजी एमसारखे पक्षी घालू नका. मला ते मुलांच्या हातून सोडवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

राखायचं राहून गेलेला एखादा पांढरा बिंदू हवाच असेल, तर इथे पांढऱ्या गुआशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका मला मान्य आहे. काही जण याला फसवणूक म्हणतात, मी म्हणत नाही. पण मळलेलं अख्खं शीड गुआशने झाकू नका. तो पांढरा खडूसारखा मेलेला दिसतो आणि आजूबाजूचा कोरा कागद त्याची चुगली करतो. त्यापेक्षा ओल्या स्पंजने रंग जमेल तितका टिपून घ्या आणि शिडाला गेरूच्या रंगाचं करून टाका. गेरूच्या रंगाचं शीड सकाळच्या उन्हात सुंदर दिसतं.

टप्पा १०: टेप काढणं आणि ठेवणं

चित्र पूर्ण वाळल्याशिवाय टेपला हात लावू नका, पावसाळ्यात तर रात्रभर थांबा. टेप मागे दुमडत, चित्रापासून बाहेरच्या दिशेने, सावकाश ओढा. कागद उचलून यायला लागला तर त्या कडेवरून हेअर ड्रायर फिरवून टेपचा गोंद सैल करा आणि विरुद्ध टोकाकडून ओढा.

कागद वाकला असेल तर मागची बाजू ओलसर फडक्याने पुसा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि वर जाड पुस्तकं रचून दोन दिवस सोडा. फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. टेकली तर साताऱ्याच्या पहिल्याच पावसाळ्यात आत ओल धरते आणि आकाशात बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. चित्र बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर लावा. आणि सही खाली उजवीकडे, पेन्सिलीने, प्रतिबिंबापासून लांब.